स्वस्त लॅपटॉपवरही लिनक्स नीट चालू द्या: लॅपटॉप कंपन्यांना खुलं पत्र

प्रति,
भारतात कमी किमतीचे लॅपटॉप बनवणाऱ्या आणि विकणाऱ्या सर्व कंपन्या

सप्रेम नमस्कार.

मी मिरजेत लॅपटॉप दुरुस्तीचं दुकान चालवतो. माझ्या टेबलावर येणारी बहुतेक यंत्रं तुमच्या सगळ्यात स्वस्त मालिकांमधली असतात. प्रोसेसर सेलेरॉन, पेंटियम, फार तर आय-थ्री. चार जीबी रॅम. कुणात मंद फिरणारी हार्ड डिस्क, कुणात बोर्डावरच चिकटवलेली ६४ जीबीची ईएमएमसी, म्हणजे बदलता न येणारं स्वस्त स्टोरेज. ती घेऊन येणारी माणसं म्हणजे डिप्लोमाची मुलं, स्पर्धा परीक्षेला बसलेल्या मुली, ग्रामपंचायतीतले संगणक परिचालक, घरून दुकानाची बिलं करणाऱ्या बायका. तुमच्या यादीत हे लॅपटॉप तळाला असतील, पण या घरांमध्ये दुचाकीनंतरची सगळ्यात मोठी खरेदी तीच असते, आणि तीही बऱ्याचदा हप्त्यांवर.

१४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १० चा सपोर्ट संपला, म्हणजे त्याची मोफत अपडेट थांबली. तो निर्णय मायक्रोसॉफ्टचा होता, त्याचा दोष मी तुम्हाला देत नाही. पण त्यानंतर गिऱ्हाइकाला काय सांगायचं हे तुम्ही ठरवलंत. हेल्पलाइनवर विचारा, शोरूममध्ये विचारा, उत्तर एकच: “तुमचं मॉडेल जुनं झालं, नवीन घ्या.” हे उत्तर मला गप्प बसून ऐकवत नाही, म्हणून हे पत्र.

जुनं म्हणजे किती जुनं, तेही पाहा. विंडोज ११ ला टीपीएम २.० ही यंत्रातली सुरक्षेची सोय लागते आणि इंटेलचा असेल तर साधारण आठव्या पिढीपासून पुढचा प्रोसेसर लागतो. कोअर आय-थ्री ७०२०यू हा सातव्या पिढीतला प्रोसेसर बाजारात आला २०१८ मध्ये. तो बसवलेले लॅपटॉप २०१९ मध्ये दुकानांत नवेकोरे विकले जात होते. मुलीच्या अकरावीसाठी घेतलेल्या अशा लॅपटॉपवर लॉकडाऊनमध्ये घरातल्या दोन-दोन पोरांचे वर्ग झाले. आज त्याचा पडदा चांगला आहे, कीबोर्ड चांगला आहे, प्रोसेसरला काही झालेलं नाही. अपडेट आणखी वर्षभर, ऑक्टोबर २०२६ पर्यंत, वाढवून घेण्याची सोय आहे, पण त्यानं प्रश्न वर्षभर पुढे जातो, एवढंच. सहा-सात वर्षांत धडधाकट यंत्र भंगारात घालायला मी कुणालाही सांगणार नाही.

अशा यंत्रावर मी विंडोजच्या जागी लिनक्स ही फुकट मिळणारी, खुली ऑपरेटिंग सिस्टिम घालतो. हार्ड डिस्क असेल तर ती काढून साधी साटा एसएसडी बसवतो, रॅमचा दुसरा स्लॉट असेल तर आणखी चार जीबी टाकतो, आणि वर लिनक्स मिंट या लिनक्सच्या प्रकाराची एक्सएफसीई ही हलकी आवृत्ती. मिंटची स्वतःची अट दोन जीबी रॅमची आहे, चार असेल तर उत्तम असं ते सांगतात. सुरू झाल्यावर सगळी प्रणाली मिळून साधारण एक जीबीच्या आत राहते, उरलेली रॅम ब्राउझरला मिळते. ब्राउझर कुठेही गेलं तरी रॅम खाणारच, त्यामुळे चार जीबीत वीस टॅब उघडता येतील असं मी कुणाला सांगत नाही. पण ऑनलाइन अर्ज भरणं, व्हिडिओ पाहून अभ्यास करणं, लिब्रेऑफिसमध्ये प्रोजेक्टचा रिपोर्ट लिहिणं, पायथन किंवा सी शिकणं हे सगळं ताटकळत न बसता होतं. मराठीसाठी इनस्क्रिप्ट हा भारतीय भाषांचा कीबोर्ड लेआउट प्रणालीतच असतो, सेटिंगमध्ये जाऊन जोडला की युनिकोडमध्ये टंकलेखन सुरू. मिंट २२ ला २०२९ पर्यंत अपडेट मिळणार आहेत, तेही फुकट.

ज्यांचं काम टॅली (हिशेब) किंवा श्रीलिपी (मराठी टंकलेखन) या विंडोजवरच्या प्रोग्रॅमवर चालतं त्यांना मी लिनक्स घालून देत नाही, तसं तोंडावर सांगतो. लिनक्सनं सगळ्यांचं भागतं असा माझा दावा नाही. ज्यांचं भागतं त्यांच्या वाटेत तुम्ही जे अडथळे ठेवले आहेत त्यांच्याबद्दल मला बोलायचं आहे.

सगळ्यात जास्त वेळ माझा वाय-फायमध्ये जातो. स्वस्त लॅपटॉपमध्ये तुम्ही वर्षानुवर्षं रिअलटेकचे सगळ्यात कमी किमतीचे चिप घालत आलात. आरटीएल८८२१सीई घ्या. हा चिप बाजारात आधी आला, आणि तो चालवणारा प्रोग्रॅम, म्हणजे ड्रायव्हर, लिनक्सच्या गाभ्यात, म्हणजे कर्नलमध्ये, २०२० मध्ये गेला. मधल्या काळात ज्यांनी असा लॅपटॉप घेतला त्यांना बाहेरून कोड उतरवून ड्रायव्हर स्वतः कंपाइल करावा लागे, आणि कर्नलचं अपडेट आलं की वाय-फाय पुन्हा गायब. पुढे आरटीएल८८५२बीईची तीच कथा: त्याला कर्नल ६.२ लागतो, जो फेब्रुवारी २०२३ चा. कल्पना करा, सातारा रोडवरच्या एखाद्या खेड्यातला मुलगा पेनड्राइव्हवरून लिनक्स टाकतो, सगळं छान होतं, आणि वाय-फायच्या यादीत एकही नाव दिसत नाही. लॅन केबल लावावी तर स्वस्त मॉडेलमधून तुम्ही लॅन पोर्टही काढून टाकलंय. मग मोबाइल यूएसबीनं जोडायचा, टेदरिंग चालू करायचं, त्याच्या डेटावरून नवा कर्नल उतरवायचा. मला हे माहीत आहे, कारण माझा धंदाच तो आहे. त्याला कोण सांगणार?

यातली जास्त खटकणारी गोष्ट वेगळी आहे. एकाच मॉडेलच्या नावाखाली एका लॉटमध्ये इंटेलचं कार्ड निघतं, दुसऱ्यात रिअलटेकचं, तिसऱ्यात मीडियाटेकचं. खोक्यावर मात्र तिन्हीकडे फक्त “वाय-फाय ५” किंवा “वाय-फाय ६”. आत कुठला चिप आहे हे मागचं झाकण उघडल्याशिवाय किंवा यंत्र चालू केल्याशिवाय कळत नाही. चिपचं नाव छापायला शाई किती लागते?

दुसरा अडथळा बायोसचा, म्हणजे यंत्र चालू करताच सगळ्यात आधी चालणाऱ्या, बोर्डावरच्या प्रोग्रॅमचा (फर्मवेअरचा). इंटेलच्या कित्येक लॅपटॉपमध्ये स्टोरेज आरएसटी किंवा व्हीएमडी नावाच्या पद्धतीवर ठेवलेलं असतं. ते तसं असेल तर लिनक्सच्या इन्स्टॉलरला पुष्कळदा एसएसडी दिसतच नाही. बायोसमध्ये जाऊन ते बंद करायचं, एवढाच उपाय. पण एका कंपनीच्या बायोसमध्ये तो पर्यायच लपवलेला आहे. मेन टॅबवर जाऊन कंट्रोल आणि एस एकत्र दाबल्यावर ती ओळ अवतरते. कुठल्याही माहितीपुस्तिकेत हे मी पाहिलेलं नाही, गिऱ्हाइकं एकमेकांना सांगत आली म्हणून कळलं. अशाच काही बायोसमध्ये लिनक्सची बूट फाइल स्वीकारायची तर आधी सुपरवायझर पासवर्ड ठेवावा लागतो, मग फोल्डरमागून फोल्डर उघडत ती फाइल शोधून विश्वासार्ह म्हणून नोंदवावी लागते. ते केलं नाही तर इन्स्टॉलेशन पूर्ण होऊनही यंत्र चालू केल्यावर काळ्या पडद्यावर “बूट करण्याजोगं काही सापडलं नाही” असा संदेश. पोरं घाबरून माझ्याकडे धावत येतात, लॅपटॉप बिघडला म्हणून. घर विकायचं आणि माळ्याची किल्ली स्वतःजवळ ठेवायची, असा हा प्रकार आहे.

आणि हे आजचं नाही. २०१४ नंतर ॲटम झेड३७३५एफ घातलेले छोटे, अगदी स्वस्त लॅपटॉप निघाले होते. त्यांचा प्रोसेसर ६४ बिटांचा आणि यूईएफआय, म्हणजे नव्या पद्धतीचं बायोस, मात्र ३२ बिटांचं. त्यामुळे लिनक्सच्या नेहमीच्या ६४ बिटी प्रती त्यांच्यावर सुरूच होत नसत. चांगल्या प्रोसेसरवर चुकीचं फर्मवेअर बसवून पाठवलेली ती यंत्रं आज कुठे पडली असतील याचा अंदाज मला आहे.

तिसरं, फर्मवेअरची अपडेट. स्वस्त मॉडेलांसाठी बायोसचं अपडेट तुम्ही बहुतेक वेळा विंडोजवर चालणारी ईएक्सई फाइल म्हणून देता. लिनक्स वापरणाऱ्यानं ती चालवायची कशी? यावर उपाय केव्हाचा तयार आहे. लिनक्स व्हेंडर फर्मवेअर सर्व्हिस नावाची सेवा आहे. कंपनीनं तिथे फर्मवेअर ठेवलं की लिनक्सवर ते इतर अपडेटसारखंच मिळतं. कंपनीला त्याचे पैसे पडत नाहीत. तुमच्यातल्या मोठ्या कंपन्या महागड्या मॉडेलांचं फर्मवेअर तिथे ठेवतातच, स्वस्त मॉडेलांचं सहसा ठेवत नाहीत.

आता तर हा प्रश्न तारखेचा झाला आहे. सिक्युअर बूट म्हणजे ओळखीची सही असलेल्या प्रोग्रॅमलाच यंत्र सुरू करू देणारी सोय. त्यासाठी लॅपटॉपांमध्ये मायक्रोसॉफ्टची २०११ सालची प्रमाणपत्रं भरलेली असतात आणि लिनक्सचा बूटलोडरही (प्रणाली सुरू करणारा पहिला प्रोग्रॅम) त्यातल्याच एकाच्या आधारावर सुरू होतो. त्याची मुदत जून २०२६ ची. त्या दिवशी चालू लिनक्स बंद पडेल असं नाही. पण पुढे येणारे बूटलोडर २०२३ च्या नव्या प्रमाणपत्राची सही घेऊन येतील, आणि ज्या यंत्रात ते नवं प्रमाणपत्र नाही ते सिक्युअर बूट चालू असताना त्यांना दारातूनच परत पाठवेल. असे बदल पुढेही होत राहावेत म्हणून मायक्रोसॉफ्टची नवी किल्लीही (केईके) यंत्रात जावी लागते, आणि ती आत जाण्यासाठी लागणारी सही करण्याचा अधिकार लॅपटॉप बनवणाऱ्या कंपनीकडे, म्हणजे तुमच्याकडे असतो. २०१९ आणि २०२० च्या स्वस्त मॉडेलांसाठी तुम्ही ती सही केली का, हे प्रत्येक मॉडेलच्या पानावर स्पष्ट लिहा.

आवाजाचं थोडक्यात सांगतो. काही स्वस्त लॅपटॉपांत ईएस८३३६ नावाचा ऑडिओ चिप असतो. त्याचा ड्रायव्हर कर्नलमध्ये आहे, पण स्पीकर चालू करणारी तार बोर्डावर कुठल्या पिनला जोडली आहे हे बोर्डागणिक बदलतं, आणि ते तुम्ही कुणाला सांगत नाही. जगभरातली माणसं फावल्या वेळात एकेक बोर्ड तपासून ती माहिती कर्नलमध्ये भरत असतात. तुमच्या अभियंत्याला ते कागद उघडून दोन ओळी लिहिण्याचं काम आहे. बोटाच्या ठशाच्या सेन्सरचंही तसंच.

वॉरंटीबद्दल मात्र सविस्तर लिहिणार आहे, कारण तिथे माणसाला खाली मान घालायला लागते. डिप्लोमाच्या दुसऱ्या वर्षातली एक मुलगी माझ्याकडे आली. लॅपटॉप वर्षाच्या आतला, उजव्या बाजूचं हिंज प्लास्टिकमधून उखडलेलं, पडदा उघडताना खालचं झाकण वर येत होतं. स्वस्त लॅपटॉपांचं हे नेहमीचं दुखणं, कारण हिंजचे स्क्रू पातळ प्लास्टिकमध्ये बसवलेल्या पितळी नटांत असतात आणि ते नट सुटून येतात. सर्व्हिस सेंटरच्या काउंटरवर यंत्र चालू करून पाहिलं, लिनक्स दिसलं, आणि तिला सांगितलं, “ताई, आधी ओरिजनल विंडोज टाकून आणा, मग बघू.” तुटलेल्या प्लास्टिकचा विंडोजशी काय संबंध? ती मुलगी मला विचारत होती, “दादा, मी काही बेकायदेशीर केलंय का?” तिनं काहीही बेकायदेशीर केलं नव्हतं. स्वतःच्या पैशानं घेतलेल्या यंत्रावर खुला परवाना असलेली प्रणाली घातली होती. मी तिला विंडोज परत टाकून दिलं, झाकण बदलून आलं, मग पुन्हा लिनक्स टाकलं. काउंटरवरच्या मुलाचा मला राग नाही, त्याला जे शिकवलंय ते तो बोलतो. शिकवणारे तुम्ही आहात.

किमतीचंही बोलतो. पूर्वी मुंबईत लॅमिंग्टन रोडला किंवा पुण्यात चौकशी केली की विंडोज नसलेलं, डॉसवालं मॉडेल सहज मिळायचं, चार पैसे वाचायचे. आता स्वस्त मालिकेत ते शोधून काढावं लागतं. चार जीबी रॅम बोर्डावर कायमची चिकटवून, वाढवायला स्लॉट न ठेवता, वर विंडोज ११ घालून विकणं मला पटत नाही. अधिकृत किमान अट चार जीबीची आहे हे खरं, पण असं यंत्र पहिल्या दिवसापासून दमलेलं असतं हे तुमच्या चाचणी विभागाला ठाऊक असणारच.

तुम्ही म्हणाल, स्वस्त मॉडेलवर नफा कमी, त्यावर लिनक्सची चाचणी परवडत नाही. हे मला मान्य नाही, आणि त्याचं कारण तुमच्याच शोरूममध्ये मांडलेलं आहे. क्रोमबुक. क्रोमओएस लिनक्सच्या कर्नलवर चालतं. सेलेरॉन एन४०२० आणि चार जीबी रॅम असलेली क्रोमबुकं तुमच्यापैकी अनेकांनी विकली. त्यात वाय-फाय चालतं, आवाज येतो, झाकण मिटलं की यंत्र झोपतं, उघडलं की जागं होतं. त्यांना दहा वर्षं अपडेट मिळतील असं गूगलनं २०२३ मध्ये जाहीर केलं. म्हणजे त्याच दर्जाच्या प्रोसेसरवर, त्याच किमतीत, लिनक्सचं काम तुमच्याकडून व्यवस्थित होतं. महाग मालिकांचं तर बोलायलाच नको: डेलनं २०१२ पासून डेव्हलपरांसाठी उबुंटूवाले लॅपटॉप काढले, लेनोव्होनं २०२० मध्ये थिंकपॅडच्या मालिका लिनक्ससाठी प्रमाणित करण्याची घोषणा केली. ही कामं चांगली झाली आणि त्यांचं मी कौतुक करतो. तेच स्वस्त लॅपटॉपसाठी करा, एवढंच मागणं आहे.

आपल्याच देशात केरळकडे पाहा. तिथल्या सरकारी शाळा अनेक वर्षं लिनक्सवर शिकवतात. हाय-टेक स्कूल योजनेत आठवी ते बारावीच्या ४५,००० वर्गखोल्यांत लॅपटॉप आणि प्रोजेक्टर गेले, आणि त्यांवर राज्याच्या काइट संस्थेनं तयार केलेली लिनक्सची आवृत्ती चालते. ती यंत्रं कुठल्या ना कुठल्या कंपनीनंच पुरवली. मोठं गिऱ्हाईक मागतं तेव्हा जमतं. मिरजेतलं एकटं गिऱ्हाईक मागतं तेव्हाही जमलं पाहिजे.

शिवाय यात लोकांचा पैसा आहे. केंद्र सरकारनं मे २०२३ मध्ये आयटी हार्डवेअरच्या उत्पादनासाठी १७,००० कोटी रुपयांच्या प्रोत्साहन योजनेला मंजुरी दिली आणि तुमच्यातल्या काही कंपन्या तिच्यात सहभागी आहेत. एप्रिल २०२३ पासून लागू झालेल्या ई-कचरा नियमांनी जुन्या यंत्रांची जबाबदारीही उत्पादकांवर टाकली आहे. चालतं यंत्र आणखी पाच वर्षं चाललं तर तेवढा कचरा तयारच होत नाही, यात तुमचंही ओझं हलकं होतं.

तेव्हा माझ्या मागण्या अशा आहेत.

प्रत्येक मॉडेलच्या पानावर आणि खोक्यावर वाय-फाय, आवाज आणि बोटाच्या ठशाच्या चिपचं पूर्ण नाव छापा. लॉट बदलल्यावर चिप बदलला तर मॉडेल क्रमांकाला वेगळं अक्षर जोडा. ज्या चिपचा ड्रायव्हर कर्नलमध्ये नाही तो चिप कितीही स्वस्त असला तरी घेऊ नका.

बायोसमधले पर्याय लपवू नका. आरएसटी आणि व्हीएमडी बंद करण्याची, सिक्युअर बूट बंद करण्याची आणि दुसरा बूटलोडर निवडण्याची सोय उघड ठेवा, आणि ती कशी करायची हे मराठीसह भारतीय भाषांत एका पानावर लिहा. पासवर्ड ठेवण्याची अट काढा.

फर्मवेअरची अपडेट ईएक्सईच्या जोडीला पेनड्राइव्हवरून टाकता येईल अशा स्वरूपात द्या आणि लिनक्स व्हेंडर फर्मवेअर सर्व्हिसवर ठेवा. विकलेल्या प्रत्येक मॉडेलसाठी किमान सात वर्षं. २०२३ च्या सिक्युअर बूट प्रमाणपत्रांचं काम यात सगळ्यात आधी करा.

वॉरंटीच्या कार्डावर एक वाक्य घाला: ऑपरेटिंग सिस्टिम बदलल्यानं यंत्राच्या भागांची वॉरंटी जात नाही. तेच वाक्य प्रत्येक सर्व्हिस सेंटरच्या काउंटरवर, दिसेल अशा जागी लावा.

प्रत्येक स्वस्त मालिकेत विंडोज नसलेलं एक तरी मॉडेल ठेवा आणि फरकाची रक्कम दाखवा. रॅमचा एक स्लॉट मोकळा सोडा.

आणि जुन्या मॉडेलबद्दल हेल्पलाइनवर फोन आला तर “नवीन घ्या” म्हणण्याआधी लिनक्सचा पर्याय सांगा. लिनक्सचे धडे आयआयटी मुंबईच्या स्पोकन ट्युटोरियल प्रकल्पात मराठीतून फुकट उपलब्ध आहेत, त्याचा पत्ता दिलात तरी पुष्कळ झालं.

यातली वॉरंटीच्या वाक्याची आणि चिपच्या नावाची मागणी येत्या तिमाहीत पूर्ण होऊ शकते, तिला नवा कारखाना लागत नाही. सात वर्षांच्या फर्मवेअरला वेळ लागेल हे मी समजू शकतो, पण कुठल्या मॉडेलला किती वर्षं देणार ते आत्ताच जाहीर करता येईल. उत्तर मला खासगीत नको. ते तुमच्या संकेतस्थळावर, मॉडेलच्या पानावर, गिऱ्हाइकाला पैसे भरण्याआधी वाचता येईल अशा ठिकाणी द्या.

कळावे,
मिरजेतला एक लॅपटॉप दुरुस्ती करणारा